खटका

आधी बॅटरीची काळी वायर सोडली.
मग चाकं सरळ केली. हे आधीच करायचं,
नंतर कितीही डोकं आपटा,
सरळ म्हणजे कुठं, ते सापडत नाही.

मे महिना. कामठी रोडचं डांबर चपलेला सोडत नव्हतं.
कूलरमधलं पाणी दोनलाच संपलं
आणि वाळ्याच्या ताट्या कोरड्या खडखडत राहिल्या.
नंदनवार साहेब स्टुलावर, उजवा पाय लांब करून.
आयुध निर्माणीत चौतीस वर्षं, मायक्रॉनच्या हिशेबात.
निवृत्तीच्या पैशातून जुनी घेतलेली ही लाल, दोनच सीटची,
जमिनीला इतकी लागून
की तिच्यात बसत नाहीत, उतरतात.
मागच्या दिवाळीत गुडघा बदलला.
नवा गुडघा स्टिअरिंगखालून जाईना.
पुण्याहून मुलगा म्हणाला, विकून टाका.
साहेबांनी खोकं मागवलं.

मधला नट चोवीसचा, जाम.
एक गोष्ट मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो:
नट पूर्ण काढायचा नाही.
दोन आटे राहू द्यायचे, मग ओढायचं,
डावी-उजवी हलवत.
नाहीतर सुटतं ते थेट तोंडावर येतं.
रिझवानचा पुढचा दात याच कारणानं अर्धा आहे,
तरी त्यानं विचारलंच, "काहून?"

सुटलं.
स्टिअरिंग काढलेल्या गाडीकडे मला पाहवत नाही.
नुसतं दांड्याचं टोक, त्यावर बारीक दाते,
त्यांच्यात वीस वर्षांचा काळा मळ.
साहेब उठून आले, चष्मा कपाळावर सारला,
दात्यांवरून नख फिरवलं.
"छत्तीस," म्हणाले.
इतकी वर्षं काढतो-घालतो आहे, मी कधी मोजले नव्हते.

दांड्यावर बॉस चढवला, वरून नट,
टॉर्क रेंच कट् म्हणेपर्यंत.
मग हब. सहा बोल्ट, समोरासमोरचे,
एकालाच आवळायचं नाही, थोडं थोडं सगळ्यांना,
पंगतीत वाढतात तसं.
वरच्या बाजूला खूण हवी होती, घाईत दिसेल अशी.
ड्रॉवरात बायकोची नेलपॉलिश सापडली, मरून.
एक ठिपका हबला, एक स्टिअरिंगला.

हॉर्नची वायर राहिली.
खोक्यातल्या कागदावर हॉर्नबद्दल अवाक्षर नाही.
"नाही लावला तर?" रिझवान म्हणाला.
म्हटलं, बिनाहॉर्नची गाडी घेऊन
कॉटन मार्केटातून एकदा जाऊन दाखव बाप्पा.
त्या एका वायरीत दोन तास गेले.

पाच वाजता कॉलर मागे ओढली,
ठिपक्याला ठिपका, आत ढकललं.
खट्.
एवढाच आवाज.
ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. साहेब म्हणाले, "अजून."
पाय उंबऱ्याला लावून ओढलं, नाही आलं.
जे दोन बोटांनी सुटतं
ते सगळ्या अंगाच्या जोरानं सुटत नाही.
बसवतो मीच, तरी यात काहीतरी आहे
जे मला अजून नीट कळलेलं नाही.

मग ते उतरले आत. आधी पाठ, मग चांगला पाय,
मग तो, हातानं उचलून,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
जरा वेळ नुसतेच बसले, समोर काही नसलेले.
मग हात पुढे केला.
"दे."

रात्री साडेनऊला फोन.
"अरे, डावीकडे वळलं की हॉर्न वाजून राहिला."
म्हटलं, कार्बन घासत असंल, उद्या घेऊन या.
मागं भांड्यांचा आवाज.
"स्टिअरिंग कुठं आहे?"
"इथंच. जेवणाच्या टेबलावर.
ही विचारते, याच्यावर पातेलं ठेवू काय."

उद्या आले नाहीत. परवाही नाही.
शनिवारी ऑटोमोटिव्ह चौकात
सिग्नलला ट्रकच्या मागे उभा होतो, काही दिसत नव्हतं.
पलीकडून एक हॉर्न निघाला
आणि डावीकडचं अख्खं वळण संपेपर्यंत
वाजत गेला.