पावती क्रमांक ४१७

तीनशे रुपये.
पगार झाल्यावर दोन दिवस ते वेगळी घडी करून ठेवले होते
आणि दोन्ही दिवस वाटलं, यात सिलिंडर येत नाही,
पण धाकट्याचे कॅनव्हासचे बूट येतात.

रास्ता पेठेत, छापखान्याच्या वरची खोली.
जिन्यात शाईचा वास. मला बरा वाटला,
स्पिरिटनंतर नाकाला कुठलाही वास बरा वाटतो.
आत अकरा बायका, एक मुलाणी ब्रदर,
सगळ्यांचे पाय चपलांतून बाहेर काढलेले,
घोट्यांवर मोज्यांचे वळ.
ते वळ बघूनच मी बसले.

पाटोळेबाई पावत्या लिहीत होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं,
अक्षर अजून केसपेपरचं, उभं, घाईतही वाचता येणारं.
नाव? बिराजदार सिस्टर.
"सिस्टर तर इथं सगळ्याच. आडनावाच्या आधीचं सांग."
सत्यशीला, म्हटलं. उदगीरची. हडपसरला असते, नाइटला.
त्यांनी 'सत्यशिला' लिहिलं.
मग एकच आडवी रेघ, वर बरोबर नाव,
शेजारी सही, तारीख, वेळ.
गिचमीड नाही, पांढरी शाई नाही.
चूक दिसली पाहिजे, आणि कुणी सुधारली तेही.

त्या दुपारी विशेष काही झालं नाही.
हिशेब वाचला. पंख्याच्या दुरुस्तीचे पैसे बाकी होते.
टाच अधांतरी राहावी म्हणून उशी कुठं लावायची
ते मुलाणी ब्रदरनी बाकावर माझाच पाय घेऊन दाखवलं.
सगळ्या हसल्या. माझ्या मोज्याला भोक होतं.
एकीला सुई टोचलेली, मॅनेजर म्हणाला होता, बोलू नका.
तिच्याबरोबर मंगळवारी तिघी जाणार, असं ठरलं.
चहा कमी पडला. दोघींत एक कप.
आणि निघताना पाटोळेबाई सहज म्हणाल्या,
"तोंडी ऑर्डर आली की पेन पुढं करायचं.
भांडायचं नाही. फक्त पेन."

बुधवारी पहाटे साडेतीन. बेड सहा.
डॉक्टर झोपेतून उठून आलेले, शर्टाचं बटण चुकलेलं,
म्हणाले, पोटॅशियम द्या,
आकडा म्हणाले आणि वळले.
अकरा वर्षं मी हो सर म्हणत आलेय.
"सिस्टर, मी असं म्हटलंच नव्हतं"
हेही ऐकलंय. एकदा. मेमोसकट.

हात खिशात गेला.
कात्री. चिकटपट्टी. घडी घातलेली पावती.
मग पेन.
"सर, लिहून देता?"

ते थांबले. माझ्याकडे नाही, पेनाकडे बघत.
मी काही धीट नव्हते, गुडघे लटपटत होते,
पण वाटलं, माझ्या पाठीशी
चोवीस सुजलेली पावलं
चपला शोधतायत, उठतायत.

त्यांनी केसपेपर घेतला. आकडा लिहिला.
लिहिल्यावर वाचला.
एक आडवी रेघ मारली.
वर दुसरा लिहिला, निम्म्याहून कमी.
सही.
काही बोलले नाहीत. जाता जाता बटण नीट लावलं.

बेड सहाचे काका सकाळी उठून
चहात साखर कमी म्हणून माझ्यावर चिडले.

हँडओव्हर झाल्यावर ठोंबरेंची मनाली,
जूनमध्ये लागलेली, अजून बूट चावतात तिला,
लॉकरपाशी विचारत होती,
फी किती असते हो तुमच्या त्या संघटनेची?
तीनशे, म्हटलं.
चहा अर्धाच कप मिळतो, आधीच सांगते.