शेजारची कडी

चोपड्याहून सकाळची एसटी.
विदगावच्या पुलाआधीचा खड्डा माझ्या मानेला पाठ आहे,
ड्रायव्हरला नाही.
मांडीवर पिशवी, पिशवीत दोन फोटो:
सहा वर्षांपूर्वीचा एक, परवाचा एक.
मधल्या काळात किती साखळ्या जोडल्या ते वहीत आहे.
मान किती वेळा खाली घातली, ते या पिशवीत.

तेव्हा पाचवा आणि सहावा मणका एक केला.
एक पट्टी, चार स्क्रू.
भूल देणाऱ्या डॉक्टरांचं आडनाव झोपे,
तेवढ्या धास्तीतही वत्सला हसली होती.
आमच्या धंद्यात याला डाक म्हणतात.
सवागी नाही, फुंकणी नाही,
तरी बेस लागला.
आजही पाचपांडे डॉक्टर उजेडावर फोटो लावून
आधी तिथंच बोट ठेवतात:
"जोड बघा विसपुते. पक्का."
मग बोट एक घर खाली सरकतं
आणि तिथंच थांबतं.

खालची चकती सुकली आहे.
हाडाला कोर आली आहे, घासलेल्या चिमट्याला येते तशी.
म्हणून मधल्या बोटाला गुंजभर सोनं कळेनासं झालं.

वय? एकोणसाठ.
बिडी? तीन महिने सोडली होती.
दिवसातून किती तास वाकता?
मी बागेसरीपुढं बसलेला माझा बाप आठवला
आणि उत्तरच दिलं नाही.
जुन्या फोटोत ती चकती तेव्हाच जराशी काळवंडलेली.
मानेचं वळण गेलं, मान काठीसारखी सरळ झाली.
आणि पट्टीचं टोक
तिच्या जरा जास्तच जवळ आलंय,
हे मात्र ते हळू बोलले.

"जोडलेलं हलत नाही.
मग हलायचं काम शेजाऱ्याच्या गळ्यात पडतं.
तसं ते न जोडताही झिजलं असतं कदाचित.
छातीवर हात ठेवून कोणी सांगणार नाही."

हे मला नवीन नव्हतं.
धरणगावची शेवंताबाई मंगलपोत घेऊन परत आली,
की मी भिंगाखाली धरून म्हणायचो,
बाई, माझा डाक शाबूत आहे, तुटली ती शेजारची कडी.
मग माझे प्रश्न:
रात्री गळ्यातच ठेवता? लेकरू ओढतं?
पिनेत अडकते? तार मुळात कोणी ओढली, इतकी बारीक?
ती ऐकून घ्यायची, पदराची गाठ सोडायची.
एकदाच म्हणाली,
"भाऊ, हाई जोडीच नसती, ते टिकती का?"
मी मजुरी मोजून घेतली होती.

"खालचाही जोडावा लागला तर," मी विचारलं,
"त्याच्या खालचं?"
डॉक्टर फोटो पाकिटात घालत होते.
पाकीट लहान पडत होतं.

मे महिना. पट्ट्याखाली घाम मुंग्यांसारखा फिरतो.
वत्सलानं ऐरणीखाली चार विटा रचल्या.
"मान तुमनी," म्हणाली, "पन घोर मन्हा."
खाली बघता येत नाही,
म्हणून साखळी समोर खिळ्याला टांगून काम करतो.
निम्मं काम बिघडतं.
चाळीस वर्षं गिऱ्हाईक मी हातांवरून ओळखलं,
आता समोर तोंडं येतात,
कुणाचं कोणतं ते जुळवत बसतो.

काल शेवंताबाई आली.
हनुवटीवर तीळ आहे तिच्या, मला माहीतच नव्हतं.
डाक मी पाहिलाच नाही.
त्याच्या वरच्या पाच, खालच्या पाच कड्या
नखानं एकेक चाचपल्या.
"ही पण जाईल," मी म्हणालो.
"कधी?"
"सांगता येत नाही. निजताना काढत जा."

तिनं पोत हातात घेतली, पुन्हा गळ्यात घातली.
"निजल्यावरच तर कळतं," म्हणाली,
"गळ्यात आहे ते."