मुळे

रात्री साडेदहा. पाथर्डी फाटा, तिसरा मजला.
लॉगिन केलं की एक माणूस उघडतो,
नाव झाकलेलं,
वय अडुसष्ट, गाव ओहायोत कुठेतरी,
फुप्फुसात गाठ, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध.

हे औषध गाठीला हात लावत नाही,
ट्रेनिंगला निकुंभ सर म्हणाले होते,
ते फक्त पहारेकऱ्यांचे लगाम सोडतं.
मग ते गाठीवर तुटून पडतात
आणि कधीकधी, ओळख न पटून,
घरातल्याच कुणावर.
आतड्यावर. थायरॉईडवर. कातडीवर.

माझ्याकडे इतकंच:
मार कुणाला बसला ते आधी,
कशाने बसला ते नंतर.
टी पंचेचाळीस, ए, एक्स, पाच, ए.

एक्सला अर्थ नाही. तो जागा धरतो,
एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल.
पाचाला आहे.
एक टाकला तर चुकून झालं,
दोन टाकला तर स्वतःहून,
तीन म्हणजे कुणीतरी घात केला.
पाच म्हणजे औषध बरोबर, माप बरोबर,
देणाऱ्याचा हातही बरोबर,
तरीही.

एका रात्रीत पन्नास-साठ तरीही टाकते मी.

फक्त एक गोष्ट माझ्या हातात नाही.
औषध चालू, जुलाब चालू,
एकाखाली एक लिहिलं म्हणून नातं होत नाही.
डॉक्टरनं मध्ये 'मुळे' लिहायला हवं.
नसेल तर विचारायचं,
तेही असं, की उत्तर सुचवलं जाऊ नये.

पुंडलिकमामाची फाईल रेशनकार्डाच्या पिशवीत होती.
बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे नंबर तपासले त्याने.
किडनीत गाठ. चौथा डोस बुधवारी.
शनिवारपासून दिवसातून नऊ वेळा,
आणि मामी म्हणे, साबुदाणा बाधला.

फाईल मी उघडली ती भाचीच्या डोळ्यांनी नाही.
जुलाब, एका ओळीवर.
चौथा डोस दिला, खालच्या.
मधली जागा कोरी,
तिथे कुणी रुमालही टाकलेला नाही.

मुंबई नाक्याच्या ओपीडीत अकरा वाजता
माझी झोप आणि मामाचा नंबर, दोन्ही लांबत गेले.
आत गेल्यावर मी सगळे नियम मोडून विचारलं,
डॉक्टर, हे त्या औषधामुळेच ना?
तुम्ही नर्स का?
नाही. मी कोड लावते.
त्यांनी पेन उलटं धरून टेबलावर दोनदा आपटलं,
पोट दाबून पाहिलं, परत दाबलं,
मग लिहिलं. छोटंसं. घाईत.
मला वाचता आलं.

पुढचा डोस थांबला. स्टेरॉईड सुरू,
साठ, मग पन्नास, मग चाळीस,
अंधारात जिना उतरावा तसं, एकेक पायरी चाचपत.
मामा गोळ्या मोजतो दहा-दहाच्या थप्पीत,
अंगठ्याला थुंकी लावून.

काल म्हणाला, माझा नंबर काय गं, तुमच्याकडचा?
सांगितला.
त्याने डोळे मिटून एकदा म्हणून पाहिला,
टी पंचेचाळीस, ए, एक्स, पाच, ए.
सिरीज चांगलीय, म्हणाला.
शेवटी ए म्हणजे पहिली छपाई का?
मी म्हटलं, उपचार चालू आहेत.

एनंतर डी येतो, सगळं बरं गेलं तर.
आणि एस, व्रण मागे राहिला तर.
ते त्याने विचारलं नाही.
थप्पी सरळ केली, पुन्हा मोजायला घेतली.