पोचा

आज पुलावर भांडण झालं.
चांगलं कडाक्याचं.

हवानं बोट घालून दाखवलं,
"भांड्याचा तळ वर आलाय तुझ्या.
दर मापामागे मूठभर पीठ खातेस."
याकेते उठली. कसाव्याचं पांढरं पीठ
कोपरापर्यंत, भुवयांवरसुद्धा.
"खाते? मी?"

मी बांबारीच्या या पुलाच्या तोंडाशी
बाटल्यांतून पेट्रोल विकतो.
सवयीनं आधी बाटल्या उचलल्या,
मग पळायची वाट पाहून ठेवली.
तीन वर्षं इथून पलीकडे कुणी गेलं नव्हतं.
गेलं ते खालून, वाका नदीतून,
पालथं.

पण माणसं पळाली नाहीत. जमली.
सायकलवाला न्गायाम एक पाय टेकवून
ऐकत राहिला, मागे गिऱ्हाईक तसंच बसलेलं.
कुणीतरी शेंगा सोलायला लागलं.

"हा पोचा," याकेते म्हणाली,
"पळताना डोक्यावरून पडलं तेव्हाचा.
त्या रात्रीचा."

कुठली रात्र, हवानं विचारलं नाही.
तिच्याकडेही एक होती,
या काठाकडून आलेली.

जरा वेळ नुसती नदी ऐकू आली.

मग हवानं पिशवीचं तोंड उघडलं.
"बरं. पोच्याच्या दोन मुठी
वरून घाल."
"एक."
"दोन."

दीड मुठीवर मिटलं.

मी बाटल्या पुन्हा मांडत होतो.
पलीकडच्या काठाचा एक मोटरसायकलवाला थांबला,
"केवढ्याला?"
मी पन्नास फ्रँक जास्तच सांगितले.

तो गाडी स्टँडला लावून,
बाह्या सरसावत,
भांडायला उतरला.