टंच

विट्यात, हिंदुराव देवकराच्या माडीवर
शनिवारी रात्री आम्ही तमिळ पिक्चर बघतो.
मला तमिळ येत नाही.
त्याला सव्वीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळून इतकी येते
की शिवी आधी तमिळमधून निघते.

तो बघतो आणि माझ्यासाठी बोलत राहतो.
पडद्यावर तिघं भांडतात
तेव्हा तिघांचा आवाज एकटा तोच होतो,
बाईचासुद्धा.

मी पस्तीस वर्षं खाकीत काढली.
खुनाचा पिक्चर म्हटलं की माझं ध्यान पंचनाम्यावर.

सुरुवात चोख.
बंद सूतगिरणी, प्रेत, कुठंतरी नळ ठिबकतोय,
आणि एक पोरसवदा शिपाई
जेवणाचा डबा कुठं टेकवावा म्हणून जागा शोधतोय.
मी मांडीवर थाप मारली.
हे ज्यानं लिहिलं तो कधीतरी प्रेतापाशी उभा राहिलाय.

इन्स्पेक्टर पोट सुटलेला. जिना चढताना कठडा धरतो.
साक्षीदार गोदामातला, काट्यावर बसणारा.
किती वाजले होते, तर म्हणतो,
सदतीस पोती उतरून झाली होती.
असले साक्षीदार मी तासगावच्या कोर्टात उभे केलेत
आणि वकिलांनी त्यांचे हसून हसून तुकडे केलेत.
इथं कुणी हसत नाही. इन्स्पेक्टर पोती मोजायला लागतो.
वा.

मध्यंतरानंतर त्याचा गुडघा बरा झाला.
कसा, ते विचारायचं नाही.
जीप हवेत, चष्मा हवेत, धूळ हळूहळू.
प्रयोगशाळेचा अहवाल रात्रीतून आला.
माझा एक सोळा महिन्यांनी आला होता,
आरोपीच्या वर्षश्राद्धानंतर.
मग निळ्या उजेडात खुन्याचं लहानपण सुरू झालं.
हिंदुराव खाली गेला, पाण्याची मोटार बंद केली,
सूनबाईंशी दुधाचा हिशेब केला, वर आला.
लहानपण चालूच.

'टंच किती?' मी विचारलं.
'पहिला अर्धा एक्क्याण्णव.
दुसऱ्यात तांबं घातलंय. साठाला घ्यायचा नाही कुणी.'

पण एक जागा राहिली. ती मध्यंतराच्या आधीची.
अरुंद गल्ली, भट्टी, बनियनवरचा माणूस,
चिमट्यात मूस, मूस लालबुंद.
पोलीस शिरतात. चोरीचं सोनं कुणी आणून दिलं?
माणूस हात जोडतो, ओरडतो.
हिंदुराव एवढंच बोलला,
'हिंदी कशाला बोलतोय हा?
मार खाताना कोण हिंदी बोलतं?'
मग त्याचा आवाजच बंद.
पडद्यावर तोंडं हलत होती, माझ्यापर्यंत काही येत नव्हतं.
चाळीसेक सेकंद असतील.
इन्स्पेक्टरला पत्ता मिळाला, पिक्चर पत्त्यामागं गेला.
भट्टी तशीच पेटलेली राहिली.

शेवटी खुनी सापडला, समुद्र आला, नावं वर सरकू लागली.
मी म्हटलं, बरा होता, अर्धा तास कापायला हवा होता.
त्यानं विचारलं,
'त्याला सोडला का रं?'
'कुणाला?'
'भट्टीवाल्याला.'
म्हटलं, दाखवलं नाही.
'तुम्ही सोडायचा?'
मी पानाचा डबा उघडला. त्यात पान नव्हतं.

त्यानं पिक्चर मागं नेला. गल्ली आली. थांबवली.
'मूस अशी धरत नाहीत,' म्हणाला,
'असा धरला चिमटा तर सोनं पायावर.
अशी धरतात.'
आणि हात पुढं करून दाखवायला गेला.
डाव्या हाताची दोन बोटं वळली नाहीत.
ती वळत नाहीत हे मला ठाऊक होतं.
आजवर मी ते भट्टीच्या खात्यावर लिहीत आलो.

पस्तीस वर्षं प्रश्न विचारायचाच पगार घेतला.
हा विचारला नाही.
चप्पल शोधली, जिन्याचा कठडा धरला.
वरून तो म्हणाला, 'पुढच्या शनिवारी कॉमेडी लावू.'