किती पाण्यात

भिंग डोळ्याला लावलं
की अख्खं ग्वांगझौ बाहेर राहतं.
जिन्याखालची नूडल्सची वाफ, पंख्याची घरघर,
शेजारच्या बाकावर पट्ट्याच्या कड्या घासणारी यिंग,
तिचा सर्दीचा सूं सूं आवाज.
आत दोनच घड्याळं.
डावीकडे अस्सल, मालकानं जिनिव्हाहून आणवलेलं,
रात्री तिजोरीत झोपणारं.
उजवीकडे आमचं.

माझं काम फरक शोधणं.
पगार फरकाचा मिळतो.

वजन: अस्सल एकशे छप्पन ग्रॅम,
आमचं एकशे बावन्न.
चार ग्रॅम गेले कुठे
यावर दोन बैठका झाल्या, एक माणूस गेला.

कड्याचा खटका:
अस्सलाचा कसा, कलिंगडाची बी दातात फुटावी तसा.
आमचा जरा ओला.
तसं लिहिलं. स्प्रिंग बदलली.
तीन महिन्यांनी आमच्याही कड्यात बिया फुटू लागल्या.

मग बत्ती घालवून दोघांना जवळजवळ ठेवायचं.
अस्सलाचे काटे पहाटेपर्यंत निळे,
आमचे मध्यरात्रीलाच हिरवट,
खाडीतल्या कंदिलासारखे.
हे अजून जमलेलं नाही.

आणि बाराच्या खुणेवरचा तो ठिपका.
अस्सलातच तो केसभर डावीकडे सरकलाय.
कुणा स्विस माणसाचा हात हलला असेल,
शिंक आली असेल, घरी भांडण झालं असेल.
मालक म्हणाला, "पांग-सिफू, तीही चूक करा."
जन्मभर मी चुका पुसत आलो,
आता पोरींना ही एकच चूक शिकवत होतो,
एवढीच, इथेच, दर वेळी.
यिंगला ती पाचव्या आठवड्यात जमली.
तिला मी संत्रं दिलं.

बाप माझा हपूच्या किनाऱ्यावर मोत्यांचं पाणी जोखायचा.
समोरच्या दातावर हलकेच घासायचा:
खरा खरखरतो, खोटा घसरतो.
बुडीही तोच मारायचा. मनगट मोकळं.
होडीत आई मोजायची,
आकडे नव्हे, आम्हा सात भावंडांची नावं,
गेलेल्या दोघांसकट.
सातवं नाव संपायच्या आत
पाण्यावर त्याचं डोकं.
एका दिवशी तिनं सातवं घेतलं,
थांबली,
आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

काल यिंग गेल्यावर, तिजोरी लावायच्या आधी,
मी दोन्ही घड्याळं दातावर घासून पाहिली.
हसू नका.
दोन्ही घसरली.
दोन्हींना पोलादाची चव, थोडी माझ्याच बोटांच्या तेलाची.

तक्त्यात शेवटचा रकाना आहे, पाण्याची चाचणी.
तो आम्ही भरत नाही.
घेणारे कुठे बुडी मारतात, मालक म्हणतो,
जास्तीत जास्त हात धुतात.
तबकडीवर दोघांच्याही लिहिलंय, तीनशे मीटर.
आमचं खोटं बोलतंय, ते मला ठाऊक आहे.
पण अस्सल तरी
तिजोरीतून बाकावर, बाकावरून तिजोरीत,
नऊ वर्षांत एक थेंब नाही त्याच्या अंगावर.
कोण किती पाण्यात
हे या इमारतीत कुणाला विचारायचं?

तक्ता मी रोज भरतो. सही करतो.
कडं फिरवताना मात्र आकडे मोजत नाही.
ओठ मिटून नावं घेतो, खटक्याला एक.
एकशेवीस खटके,
सात नावांचे सतरा फेरे होतात
आणि एक खटका उरतो.
तेवढ्यासाठी
पहिलं नाव पुन्हा घ्यावं लागतं.