दोन बोटं

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझं दुकान, आठ बाय दहा.
समोर बर्फाच्या कारखान्याची भिंत,
भिंतीला टेकून बाक,
तिथं संध्याकाळी चौघं बसतात
आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची मापं घेतात.
टेप माझ्या गळ्यात,
पण माप त्यांचं.

मेतरांची सून गाऊनवर नवऱ्याचा शर्ट चढवून
बांगड्याची पाटी घेऊन गेली
की एकजण खाकरतो.
रोझालिन बाय, वय सत्तर,
बिनबाह्यांच्या फ्रॉकात मिसेला निघाली
की दुसरा म्हणतो, "हाडां दिसतत."
म्हणणारा स्वतः उघडा,
कमरेला टॉवेल,
पोट मांडीवर ठेवलेलं.

मी हसायचो.
मशीनच्या आवाजात हसणं लपतं.

सगळ्यात मोठ्यानं बोलतो तो भिकाजी.
चाळीस वर्षांपूर्वी दशावतारात
तो तारामती व्हायचा.
त्याचा लाल ब्लाउज माझ्या बापानं शिवलेला,
काजं मी केलेली.
पहाटे तीनला त्यानं पदर डोळ्यांना लावला
की याच बाकावरच्यांचे बाप
मुसमुसून रडायचे.
बापाच्या वहीत अजून आहे: तारामती, छाती ३८.
परवा सुटे पैसे मागायला आला
आणि टांगलेल्या साडीच्या काठावरून
त्याचं बोट गेलं, सावकाश,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मी सुईत दोरा ओवत राहिलो.

पण बाकावरच्यांचं सोडा.
ते नुसतं बोलतात.
माझ्या हातात कात्री होती.

एकतीस वर्षं
कोणी गळा सात सांगितला
तर मी साडेपाच कापला.
दोन बोटं वर. आपली म्हणून.
कोणी बाही कोपराच्या वर मागितली
तर कोपर झाकून दिलं.
क्वचित कुणी विचारलं,
तर तयार उत्तर होतं: कापड कमी पडलं.
बायका मान हलवायच्या,
पैसे मोजायच्या,
घालायच्या.

मग आजगावकर बाई आल्या.
शाळेत गणित शिकवायच्या, माझ्या पोरालाही,
येत्या शनिवारी निवृत्तीचा समारंभ.
ब्लाउज उलटा करून त्यांनी पाठ पाहिली,
माझ्याच टेबलावरची पट्टी लावली
आणि फळ्यासमोर उभं केल्यासारखं विचारलं,
"कापड कमी पडलं
तर गळा खाली जाईल की वर?"

पंख्याचा आवाज.
बर्फाची लादी फुटल्याचा आवाज.
एकतीस वर्षांत हे गणित
कोणी घातलंच नव्हतं.

"माझ्या पाठीवर तीळ आहे," बाई म्हणाल्या,
"असं आई सांगायची.
मी कधी पाहिलेला नाही.
कोणीतरी बघू दे आता."

रात्री शटर अर्धं ओढून
ब्लेडनं टाके काढायला बसलो.
शिवण्यापेक्षा उसवायला वेळ लागतो,
दोरा ओढला तर कापड जातं,
एकेक टाका धरून सोडवावा लागतो.
वही उघडीच होती.
नाव, तारीख, गळा.
नाव, तारीख, गळा.
कित्येकींची मापं आता बदलली,
कोणी मुंबईला, कोणी गोव्याला,
आणि काहीजणी गेल्याच.
राऊळांच्या लीलाताईला तर
मी शिवलेल्या ब्लाउजातच नेलं.
तिनं साडेसहा सांगितलेला.

सकाळी बाईंना म्हणालो,
जुन्या टाक्यांची भोकं दिसतायत थोडी.
एका धुण्यात जातील.
मला खात्री नव्हती.

"राहिली तर राहू देत," बाई म्हणाल्या,
"मागचं मला कुठं दिसतं?"
पिशवी खांद्याला अडकवली
आणि बाकासमोरून, उन्हातून,
चढाला लागल्या.
भिकाजीनं तोंड उघडलं.

मी मशीन थांबवलं.